काम अडकलंय कुठे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. बाकी भाषा वक्त्यांचीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला हा विषय आपल्या सेक्रेटरींनी दिला. जिन्यात गाठून म्हणाले, "तुम्ही कंपनीत ते टीमचं सॉफ्टवेअर आणलं होतं ना? त्यावर वीस मिनिटं बोला. संस्थेला त्याचा फायदा काय होतो ते सांगा. आपल्यालाही काही करता आलं तर बघू." मी म्हटलं, "अहो, मी सॉफ्टवेअरवाला नाही. एकतीस वर्षं कारखान्यात प्लॅनिंग केलं." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. सॉफ्टवेअरवाल्यांचं बोलणं आम्हाला कळत नाही."

तर मंडळी, मी इथे काही विकायला आलेलो नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती, त्या चुकीतून मला या विषयाची गरज कळली. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

२००७ साल. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. मोठ्या कंपनीकडून ड्रॉइंग यायचं, त्याप्रमाणे आम्ही माल बनवून द्यायचो. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की नवी रिव्हिजन यायची. ती माझ्या मेलवर यायची, मी ती प्लॅनिंगच्या मुलाला पुढे पाठवायची, त्यानं प्रिंट काढून खाली शॉपवर न्यायची, जुनी प्रिंट काढून नवी लावायची. अशी पद्धत.

एका ब्रॅकेटच्या ड्रॉइंगमध्ये बदल आला. बारा मिलिमीटरचं भोक साडेदहाचं करायचं होतं. मी मेल पुढे पाठवला. चार दिवसांनी माल तपासणीत अडकला. आठशे नग, सगळ्यांना भोक बाराचं. कारखान्यात काम केलेले इथे बरेच आहेत, त्यांना सांगायला नको. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. आठशे नग भंगारात.

चौकशी झाली. प्लॅनिंगला एक ट्रेनी मुलगा होता, डिप्लोमा करून आलेला, साताऱ्याकडचा. त्याला विचारलं, "मेल आला होता का?" तो म्हणाला, "नाही सर, आला नाही." मला विचारलं. मी म्हटलं, "मी पाठवलाय." मी तिथे बारा वर्षं काम केलेलं, त्याचे सात महिने झालेले. कुणाचं खरं मानलं गेलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. महिनाअखेरीला त्याची ट्रेनिंगची मुदत संपली. ती वाढवली नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मेलबॉक्स भरला म्हणून मी जुने मेल काढत बसलो होतो. आउटबॉक्समध्ये तो मेल पडलेला. ड्रॉइंगची फाइल मोठी होती, त्यामुळे तो माझ्या मशीनवरून बाहेर गेलाच नव्हता. मुलगा खरं बोलत होता.

मी साहेबांकडे गेलो, सांगितलं. ते म्हणाले, "आता तो गेला. विषय कशाला उकरून काढता?" आणि मी विषय सोडला. मुलानं अर्जावर दिलेला फोन नंबर गावातल्या शेजाऱ्याचा होता. तिथे एकदा निरोप ठेवला. पुढे मीही काही केलं नाही. ही गोष्ट चारचौघांत मी आज पहिल्यांदाच सांगतोय.

मी आणि तो एकाच खोलीत बसत होतो, आमच्यामध्ये जेमतेम दहा फुटांचं अंतर. तरी काय पाठवलं आणि काय पोचलं, हे दोघांनाही दिसेल अशी एकही जागा नव्हती. माझ्या मशीनवर माझं खरं होतं, त्याच्या मशीनवर त्याचं. सेक्रेटरींनी दिलेला विषय इथून सुरू होतो.

हे सॉफ्टवेअर म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत याला 'कोलॅबरेशन सॉफ्टवेअर' म्हणतात. कोलॅबरेशन म्हणजे मिळून काम करणं. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे आणि तो आपल्या गेटवरच्या पाटीवरच लिहिलाय: सहकार. तेव्हा विषय आपल्याला परका नाही.

कल्पनाही नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकानं एक प्रात्यक्षिक दाखवलं. संगणकाचा माऊस लोकांनी तिथे पहिल्यांदा पाहिला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरवर मेन्लो पार्कमध्ये बसलेला त्याचा सहकारी आणि तो स्वतः, दोघंही एकाच पडद्यावर एकाच मजकुरावर काम करत होते. एकमेकांचा चेहरा दिसतोय, आवाज ऐकू येतोय. पुढे १९८९ मध्ये कंपन्यांसाठी लोटस नोट्स आलं. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी कुणालाही दुरुस्त करता येतील अशी पानं बनवली आणि त्यांना 'विकी' नाव दिलं. होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्यांना ते सुचलं. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. विकिपीडियातला विकी तो हाच.

स्लॅक नावाचं सॉफ्टवेअर आज जगभर वापरतात. ते बनवणारी कंपनी खरं तर संगणकावरचा एक खेळ तयार करत होती. खेळ चालला नाही, बंद करावा लागला. पण तो बनवताना आपसात बोलण्यासाठी त्यांनी घरच्या घरी जे साधन केलं होतं, तेच पुढे २०१३-१४ मध्ये त्यांनी बाजारात आणलं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचं टीम्स आलं. गूगलचे डॉक्स आणि शीट्स तर आपली मुलं शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात. आपल्या देशातल्या, चेन्नईच्या झोहो कंपनीचीही अशी साधनं आहेत.

नावं कितीही असोत, आत चार गोष्टी असतात.

पहिली, विषयवार बोलणं. एका कामाचं बोलणं एका जागी. डिस्पॅचचं डिस्पॅचमध्ये, दुरुस्तीचं दुरुस्तीमध्ये.

दुसरी, कागद एकच. मी एक प्रत पाठवतो, तुम्ही बदल करून दुसरी पाठवता, मग 'फायनल', 'फायनल-२', 'नवीन फायनल' असल्या फायली जमतात, तो प्रकार नाही. सगळे एकच फाइल उघडतात. कुणी, कधी, काय बदललं ते मागे जाऊन पाहता येतं.

तिसरी, कामाचा फळा. कोणतं काम, कुणाकडे, कधीपर्यंत, कुठवर आलं. आमच्यासारख्या कारखान्यातल्या लोकांना हे नवीन नव्हतं. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी बसवलेली 'कानबान' पद्धत आम्ही शिकलो होतो. कानबान म्हणजे जपानीत पाटी. मालाबरोबर कार्ड फिरतं, ते पाहून पुढचं काम कळतं, विचारायला जावं लागत नाही. तीच पाटी आता संगणकावर आली, एवढंच.

आणि चौथी गोष्ट, शोधणं. तीन वर्षांपूर्वी आपण अमुक पंप का बदलला, हे तेव्हाचा माणूस निवृत्त झाला तरी सापडतं. माझ्या मते चारांत ही सगळ्यात मोलाची.

फायदा कुठे होतो?

एक साधं गणित करू. दोन माणसं असतील तर बोलण्याची वाट एकच. पाच माणसं असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी धरून दहा वाटा होतात. अकरा माणसांच्या पंचावन्न. वीस माणसांच्या एकशे नव्वद. माणसं चौपट होतात तेव्हा वाटा एकोणीसपट होतात. म्हणून छोट्या दुकानात सगळं तोंडी चालतं आणि तेच दुकान मोठं झालं की गोंधळ होतो. माणसं तीच असतात, प्रामाणिकही असतात, पण निरोपाला फुटणाऱ्या वाटा हाताबाहेर जातात. सगळ्यांनी एकाच फळ्याकडे बघायचं ठरवलं तर वीस माणसांना वीसच वाटा पुरतात. या सॉफ्टवेअरचा फायदा मुळात या गणितात आहे.

आमच्याकडे २०१८ च्या सुमारास हे आलं. मी मागे लागलो होतो. का लागलो होतो ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. काय बदललं ते सांगतो.

सोमवारची मीटिंग दीड तास चालायची. त्यातला मोठा वेळ "ते कुठवर आलं?" हे विचारण्यात जायचा. फळा आल्यावर कुठवर आलं ते मीटिंगच्या आधीच दिसायला लागलं. मीटिंगमध्ये फक्त अडलेल्या कामांवर बोलायचं. पाऊण तासात उठायला लागलो.

पाळी बदलताना निरोप हरवायचे. रात्रपाळीच्या माणसानं मशीनमधून तेल गळताना पाहिलं तर तो वहीत लिहायचा, किंवा सकाळच्या माणसाला बसमध्ये चढता चढता सांगायचा. आता तो फोटो काढून त्या मशीनच्या नावाखाली टाकतो. मेंटेनन्सवाला घरून निघायच्या आधीच पाहतो आणि सील बरोबर घेऊन येतो.

नवीन माणसाला कामाला लागायला कमी दिवस लागायला लागले. पूर्वी नवा मुलगा महिनाभर "हे कुणाला विचारू?" करत फिरायचा. आता जुनी चर्चा वाचून त्याला कळतं की हे असं का करतात.

मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मशीन बंद होती. पण पगार करायचे होते, पुरवठादारांची बिलं होती, ग्राहक विचारत होते. आमच्या ज्या खात्यांनी कागद एकत्र ठेवायची सवय लावून घेतली होती, त्यांचं काम घरून चाललं. ज्या एका खात्यात सगळं साहेबांच्या कपाटात होतं, त्यांना कपाट उघडायलाच पोलिसांचा पास काढावा लागला.

आणि ड्रॉइंगचं काय? ड्रॉइंग आता एका जागी असतं. मशीनपाशी टॅब असतो, त्यावर जी उघडते ती चालू रिव्हिजनच. जुनी प्रिंट भिंतीला चिकटून राहायचा प्रश्न नाही. नवी रिव्हिजन कुणी चढवली, किती वाजता चढवली, कुणी पाहिली, हे दिसतं. २००७ मध्ये हे असतं तर मी ती फाइल चढवलीच नाही, हे पाच मिनिटांत कळलं असतं. दोष माझा निघाला असता. तेच बरोबर झालं असतं.

फायदा म्हटलं की लोक वेळ आणि पैसा धरतात. तोही होतो. पण मला विचाराल तर पहिला फायदा हा की ज्याचा शब्द वजनदार नाही अशा माणसाच्या बाजूनं नोंद उभी राहते.

सॉफ्टवेअर काय करत नाही

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर जाहिरात होईल.

पहिले सहा महिने आमच्याकडे कुणीही वापरलं नाही. कारण सोपं होतं. साहेबच वापरत नव्हते. फळ्यावर सगळं लिहिलेलं असताना ते फोन करून विचारायचे, "झालं का?" मग खालच्या माणसानं दोनदा काम का करावं? फळ्यावरही लिहा आणि फोनवरही सांगा? ज्या दिवशी साहेब म्हणाले, "फळ्यावर नसेल तर ते काम मला माहीत नाही," त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. संस्थेत नियम आधी आणि साधन नंतर.

दुसरं, ठणठणाट. प्रत्येक गोष्टीची घंटा वाजायला लागली तर माणूस कामच करू शकत नाही. सुरुवातीला रात्री दहा वाजताही सूचना यायच्या आणि नवी मुलं जेवणावरून उठून उत्तरं द्यायची. आम्ही ठरवलं, पाळी संपली की उत्तराची अपेक्षा नाही. तातडीचं असेल तर फोन. आग लागली तर कुणी फळ्यावर लिहीत बसत नाही.

तिसरं, पाळत. जिथे कुणी काय केलं ते दिसतं, तिथे कुणी काय केलं नाही यावर बोट ठेवायचा मोह साहेबांना होतोच. "तुमचा हिरवा दिवा अकरा वाजता का बंद होता?" हे एकदा सुरू झालं की लोक दिवा चालू ठेवायला शिकतात, काम करायला नाही. नोंद कामाची असावी, माणसाची नको.

चौथं, भाषा. शॉपवरची माणसं इंग्रजीत लिहायला कचरायची, म्हणून गप्प राहायची. एका सुपरवायझरनं मोबाइलवर मराठीत बोलून लिहायला सुरुवात केली. त्यानंतर खालून जेवढी माहिती यायला लागली तेवढी आधी कधी येत नव्हती. त्यांना माहीत सगळं होतं. आम्ही दारच त्यांच्या उंचीचं ठेवलं नव्हतं.

आता आपल्या सोसायटीकडे येऊ

तुम्ही म्हणाल, कारखान्याचं ठीक आहे, इथे काय? तर आपणही एक संस्थाच आहोत. आपल्याकडे पगारी मॅनेजर नाही. समिती बिनपगारी, नोकरी-धंदा सांभाळून रात्री नऊनंतर काम करणारी आणि दर निवडणुकीला बदलणारी. म्हणजे ज्या संस्थेची माणसं सारखी बदलतात, तिला आठवणीची गरज सगळ्यात जास्त. आपली आठवण कुठे ठेवलीये? थोडी ऑफिसच्या लोखंडी कपाटात, थोडी आजवरच्या सेक्रेटरींच्या घरी, आणि बाकी कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं तुम्हाला आठवत असेल. ठेकेदारानं दहा वर्षांची गॅरंटी दिली होती. सहाव्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल आली. गॅरंटीचा कागद शोधला, सापडला नाही. त्या वेळचे सेक्रेटरी मुलाकडे परदेशी गेलेले. त्यांनी बिचाऱ्यांनी तिकडून फोनवर सांगितलं, कोणत्या कपाटात, कोणत्या फाइलला लावलाय. पण मध्ये रंगकाम झालेलं, कपाटं हललेली. ठेकेदार म्हणाला, "कागद दाखवा." शेवटी आपण पुन्हा वर्गणी काढली. त्यात कुणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. पण तेव्हाच्या सर्वसाधारण सभेत काय काय बोललं गेलं तेही तुम्हाला आठवत असेल. काही घरं अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. कागद दोन रुपयांचा, गेला तो शेजार.

मोठ्या संस्थांचंही हेच होतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली आणि वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी फायली जळाल्या. कागद एकाच जागी असला म्हणजे काय होतं हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

"पण आपला व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!" हे मला जिन्यातच ऐकवलं गेलंय. आहे, आणि चांगला आहे. लिफ्ट बंद पडली, पाणी उशिरा येणार, हे कळवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तो चावडीसारखा आहे. चावडीवर बातमी कळते, दप्तर तिथे ठेवत नाहीत. सकाळी सात वाजता बी विंगच्या वहिनींनी लिहिलं की डक्टमध्ये पाणी गळतंय. त्यावर चोवीस सुप्रभात, दोन वाढदिवस आणि त्यांचे केक येऊन पडले. संध्याकाळी वहिनी रागावल्या, "कुणी दखलच घेत नाही." समितीतल्या तिघांनी ते वाचलं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं प्लंबरला सांगितलं असेल. मी त्या तिघांपैकीच एक होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

तेव्हा माझी सूचना लहान आहे. मोठं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. निदान आधी घेऊ नका.

एक. सोसायटीच्या नावानं एक ईमेल खातं काढू. कुणा पदाधिकाऱ्याच्या नावानं नाही, सोसायटीच्या. गूगलच्या फुकट खात्यात पंधरा जीबी जागा मिळते. आपल्या कागदांना ती बराच काळ पुरेल. खात्याचा पासवर्ड तिघांकडे राहील आणि नवी समिती आली की शिक्के-चाव्यांबरोबर त्याचीही सही घेऊन सुपूर्दगी होईल. हे मी मुद्दाम पहिलं सांगतोय. ज्याच्या खाजगी खात्यात दप्तर, त्याच्या मर्जीवर संस्था, असं होऊ नये.

दोन. त्यात फोल्डर करू. लिफ्टचा करार, पाण्याच्या पंपाची बिलं, अग्निशमनाची कागदपत्रं, विमा, ऑडिट रिपोर्ट, गॅरंटीचे कागद. प्रत्येक कागद स्कॅन करून नावात तारीख आणि विषय लिहायचा. मूळ कागद कपाटात राहीलच.

तीन. तक्रारींचा एकच तक्ता. क्रमांक, तारीख, तक्रार, कुणाकडे दिली, कधीपर्यंत, सद्यःस्थिती. 'कुणाकडे' या रकान्यात एकच नाव लिहायचं. 'समिती' असं लिहायचं नाही. समितीकडे दिलेलं काम कुणाकडेच नसतं. तक्ता सगळ्या सभासदांना पाहता येईल, बदल मात्र समितीच करील.

चार. समितीचे निर्णय आणि कोटेशनं एका जागी. तीन कोटेशनं आली, त्यातलं मधलं का घेतलं, याचं दोन ओळींत कारण. पाच वर्षांनी "तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं कुणी विचारलं तर आवाज न चढवता उत्तर देता येईल. आपली वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्यात निम्मा वेळ मागचं आठवण्यात जातो, तो पुढचं ठरवायला वापरता येईल.

आता शंका. कायद्यानं ठेवायच्या वह्या, सभासदांची नोंदवही, इतिवृत्ताची वही, सह्यांसकट जशा आहेत तशाच ठेवायच्या. हा त्यांना पर्याय नाही. दुसरं, सगळं सगळ्यांना दाखवायचं नाही. भाडेकरूंच्या आधारच्या प्रती, कुणाची थकबाकी, फोन नंबर हे ज्याला कामासाठी लागतं त्यालाच दिसेल. माणसांच्या माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली देशात कायदाच झालाय. आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याची अब्रू सांभाळणं आपलं काम होतंच.

तिसरी शंका आजी-आजोबांची. इथे पुढच्या रांगेत बसलेल्या निम्म्या मंडळींकडे साधा फोन आहे. त्यांनी काय करायचं? तर दर रविवारी त्या तक्त्याची एक प्रिंट वॉचमनच्या केबिनशेजारच्या फळ्यावर लागेल. आणि ज्यांना तक्रार लिहिता येत नाही त्यांनी वॉचमनला सांगायची, तो क्रमांक देईल. क्रमांक मिळाला म्हणजे तक्रार पोचली. कुणाच्या शब्दावर अवलंबून राहायला नको.

हे करायला कोण लागेल? दोन तरुण आणि एक म्हातारा. तरुणांना स्कॅन करणं आणि फोल्डर लावणं जमतं. कोणता कागद कशाचा, हे म्हाताऱ्याला माहीत असतं. म्हाताऱ्याच्या जागेसाठी मी माझं नाव देतो. पुढचे आठ रविवार, दहा ते बारा, मी ऑफिसात बसेन. तरुणांपैकी दोन नावं आज संध्याकाळपर्यंत मिळाली तर पुढच्या रविवारी पहिलं कपाट उघडू. सुरुवात गच्चीच्या फाइलपासून करावी असं मला वाटतं. कदाचित तो गॅरंटीचा कागदही सापडेल. आता त्याचा उपयोग नाही, पण त्यावरून जे बोलणं झालं ते तरी मिटेल.

शेवटचं एक. त्या साताऱ्याच्या मुलाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आज तो चाळिशीत असेल, कुठेतरी चांगल्या जागी असावा अशी आशा आहे. कधीतरी भेटला तर त्याला सांगायचंय की तू खरं बोलत होतास आणि हे मला तीन आठवड्यांतच कळलं होतं. निवृत्त होण्याआधी एक गोष्ट मी केली. शेवटच्या मीटिंगमध्ये नव्या ट्रेनी मुलांना सांगितलं, "कुणी म्हणालं मी पाठवलंय, आणि तुमच्याकडे आलं नसेल, तर भ्यायचं नाही. सगळ्यांसमोर स्क्रीनवर उघडून दाखवा म्हणायचं. साहेबांनाही म्हणायचं." एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, तुम्हालाही?" मी म्हटलं, "मला आधी."

आपल्या समितीलाही सभासदांनी तसंच म्हणावं, आणि समितीनं रागावू नये. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या विश्वासावर काढली. पुढच्या पंचवीस वर्षांत इथे आपली मुलं राहतील, नवीन बिऱ्हाडं येतील. त्यांना आपला विश्वास वारशानं मिळेल की नाही ते सांगता येत नाही, पण नीट लावलेलं दप्तर देता येईल.

आठ रविवार म्हटलंय, ते लक्षात ठेवा. चहा सोसायटीकडून मिळेल असं अध्यक्षांनी आत्ताच मान हलवून कबूल केलंय, आणि तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.